बडोद्याहून कोकणात पोरांना घेऊन गळ टाकायला जाताय? आधी तिथी बघा, तिकीट नंतर

दर दिवाळीच्या आधी बडोद्यातले निदान चार तरी ओळखीचे मला फोन करतात आणि चौघांचं म्हणणं एकच असतं, तिकिटं झाली, मालवणजवळ देवबागला रूम झाली, आता फक्त पोरांना मासे पकडायला नेणारा एखादा बोटवाला सांगा. म्हणजे सगळं उलट्या क्रमानं. मग परत आल्यावर ऐकायला मिळतं की तीन तासांत एक मासा लागला नाही, धाकटी उलट्या करून बेजार झाली आणि बोटवाला सारखी घाई करत होता. माझी सासुरवाड देवबागची, त्यामुळे हे मी बरीच वर्षं जवळून बघतोय, आणि खरं सांगतो, यातलं निम्मं नुकसान बडोद्याहून निघायच्या आधीच झालेलं असतं. म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढतो. पहिल्यांदाच जाणाऱ्या, दोन मोठी माणसं आणि दोन-तीन मुलं अशा घरासाठी हे आहे, खोल समुद्रात सुरमईच्या मागे जाणाऱ्यांसाठी नाही.

टप्पा १: जागा ठरवा, आणि ती खाडीच ठरवा

पहिल्या वेळी मोकळा समुद्र नको. कर्ली नदी देवबागपाशी समुद्राला मिळते, त्या संगमाच्या आतल्या अंगाला खाडीचं पाणी संथ असतं, काठाला कांदळवन, किनारा कायम नजरेत, आणि कोणाला बरं वाटेनासं झालं तर दहा-पंधरा मिनिटांत बोट काठाला लागते. गळाला लागणारे मासेही इथे बरेच आहेत, तांबोसा, काळुंदर, गोब्रा, मिशावाला शिंगाळा, नशीब असेल तर जिताडा. आचरा किंवा विजयदुर्गची खाडीसुद्धा चालेल, पण मी देवबाग धरूनच लिहितोय कारण तिथलं पाणी मला माहीत आहे.

सावधान: संगमाच्या अगदी तोंडाशी ओहोटीच्या वेळी जायचं नाही. नदीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून लाटा आत येत असतात आणि जिथे दोन्ही भिडतात तिथे लहान बोट जोरात हेलकावते. पोरांनी कितीही हट्ट केला तरी नाही.

आणखी एक. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास आहे. तिथे मासे पकडायला मनाई आहे. किल्ला बघायला जाताना "येता येता जरा गळ टाकू" असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

टप्पा २: तिथी बघा (इथेच सगळे चुकतात)

बडोद्यातल्या माणसाला भरती-ओहोटी काय असते ते सांगायला नको, कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव पाण्याखाली जाताना आणि परत वर येताना आपण सगळ्यांनी बघितलाय. पण तो खंभातच्या आखाताचा खेळ, तिथे पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मालवणकडे हाच फरक जेमतेम दोन-अडीच मीटर, त्यामुळे डोळ्यांना फारसं काही दिसत नाही आणि लोकांना वाटतं की कधीही गेलं तरी चालतं. चालत नाही. पाणी चढायला लागलं की बारके मासे आणि कोळंबी कांदळवनाच्या मुळांपर्यंत आत सरकतात, त्यांच्या मागे मोठे मासे येतात, आणि तेव्हाच गळाला तोंड लागतं. पाणी थांबलं की सगळं थंड. ओहोटीच्या शेवटी तर तुम्ही नुसते चिखलाकडे बघत बसता.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब फार सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन, पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. हा ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो आणि खाडीत आत पाणी थोडं उशिरानं पोचतं, त्यामुळे पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची आणि बोटवाल्या दादांना विचारायची. पण दिवस निवडायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

आता यात दुसरी गोष्ट मिसळा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात पळतं, दोरीला बांधलेलं शिशाचं वजन तळाला टिकत नाही, पोरांच्या दोऱ्या एकमेकांत अडकतात. अष्टमी-नवमीला भांग, पाणी अगदीच मंद. आपल्याला हवी सकाळ, चढतं पाणी आणि बेताचा ओढ. तिन्ही एकत्र कुठे येतात? दशमी ते त्रयोदशी. पाणी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान भरतं आणि ओढ अजून उधाणाचा झालेला नसतो. माझ्या मते द्वादशी सगळ्यात छान.

सकाळच का, तर थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे असतात, पाणी गुळगुळीत राहतं. साडेअकरा-बारानंतर खारे वारे सुटतात, बारक्या लाटा उठतात, ऊन डोक्यावर येतं आणि मुलं कंटाळतात. चौथीच्या भूगोलात पाठ केलेलं इथे उपयोगी पडतं.

आता दिवाळीचं बघा. आपली माणसं धनत्रयोदशी झाली की निघतात, म्हणजे बरोबर अमावास्येच्या उधाणात पोचतात, आणि लाभपाचमला दुकानं उघडायच्या आत परततात. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे सकाळभर पाणी उतरतच असतं. अख्खी सहल चुकीच्या आठवड्यात. पण शाळांची सुट्टी साधारण तीन आठवड्यांची असते, त्यामुळे ज्यांना दुकान-ऑफिसचं जमवता येत असेल त्यांनी कार्तिक शुद्ध दशमीच्या सुमाराला जावं. घरात कार्तिकी एकादशीचा उपास असेल, द्वादशीचं पारणं करणारं कोणी असेल तर त्रयोदशी धरा, तुळशीचं लग्न काय पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं. दिवाळीत नाहीच जमलं तर डिसेंबर-जानेवारीतल्या कुठल्याही पक्षातली हीच तिथी बघा, शनिवार-रविवार जुळला की झालं.

पावसाळ्याचा विचार नको. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि ऑगस्टमध्येही पाणी गढूळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला मोसम.

तपासून घ्या: तिथी ठरली? तारीख लिहून ठेवा, पण तिकीट अजून काढू नका.

टप्पा ३: बोटवाल्याशी फोनवर नीट बोला

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून हा फोन त्याच्या आठवडाभर आधी. मालवणीत गळ टाकण्याला गरवणं म्हणतात, "आम्हाला मुलांना घेऊन खाडीत गरवायला जायचंय" एवढं म्हणालात की समोरच्या दादांना बरोबर कळतं, नाहीतर ते डॉल्फिन-संगम-पॅरासेलिंगचं पॅकेज सांगायला लागतात.

काय विचारायचं: बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का. मुलांच्या मापाची लाईफ जॅकेट आहेत का, वजन सांगून विचारा, कारण "आहेत ना" याचा अर्थ बरेचदा मोठ्यांचीच असतात. बोट फक्त आपल्यासाठी की अजून दुसरं कुटुंब असेल. पैसे बोटीचे की माणशी. रॉड आणि आमिष त्यांचं की आपलं. वर सावली आहे का. बोट चालवणाऱ्याशिवाय मदतीला अजून एक माणूस असेल का, हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण एकटा माणूस इंजिन सांभाळेल की चार पोरांचे गुंते सोडवेल?

शेवटी एक प्रश्न मुद्दाम विचारा: "त्या दिवशी भरती किती वाजता आहे?" ज्याला लगेच सांगता येतं किंवा जो "थांबा, बघून सांगतो" म्हणतो, तो चांगला. जो "तुम्ही या हो, मासे कधीपण मिळतात" म्हणतो त्याला सोडून द्या. आम्ही एका वर्षी अशाच एकावर विश्वास ठेवला, सकाळी अकराला भर ओहोटीत निघालो, बोट वाळूच्या पट्टीवर टेकली आणि पाणी परत चढेपर्यंत दोन तास उन्हात बसून राहिलो, मुलं रडकुंडीला आली होती, प्यायचं पाणी संपलं होतं. तेव्हापासून हा प्रश्न मी कधीच विसरत नाही.

वेळ दोन-अडीच तासच ठरवा. सकाळी पावणेसातला निघून सव्वानऊला परत. आठ वर्षांखालचं मूल असेल तर दोनच तास.

आता तिकीट काढा. वसई रोडवरून कोकण रेल्वेला लागणाऱ्या गाड्या बडोद्याहून मिळतात, उतरायला कुडाळ सोयीचं, पण प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, ते बघून घ्या. आणि एक दिवस आधी पोचायचंच. रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी बोटीत चढलात तर झोप न झालेल्या मुलांना हमखास बोट लागते.

टप्पा ४: आठ दिवस आधी कॉमन प्लॉटमध्ये सराव

हे कोणी करत नाही आणि बोटीतला पहिला तास यातच जातो. बोटीत शिकू म्हणता, पण तिथे चार माणसं दोन हातांच्या अंतरावर बसलेली असतात आणि दोरीच्या टोकाला खरा गळ असतो.

एक साधा सहा-सात फुटी रॉड आणि त्यावर अडीच-तीन हजार साईजचं स्पिनिंग रील (दोरी गुंडाळायचं चाक) घ्या किंवा कोणाकडून मागून आणा. टोकाला गळ लावायचा नाही, नुसतं वीस-पंचवीस ग्रॅमचं शिसं बांधा. सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये दहा-बारा पावलांवर एक घमेलं ठेवा आणि मुलांना त्यात शिसं टाकायला लावा. संध्याकाळी वीस मिनिटं, असं चार दिवस पुरतं.

सावधान: खरं पाणी हवं म्हणून विश्वामित्रीच्या काठावर अजिबात जायचं नाही. मगरी आहेत, आणि काठावर स्वस्थ बसलेलं मूल त्यांच्या टप्प्यातच असतं. सराव कोरड्या जमिनीवरच.

क्रम असा शिकवा. रील रॉडच्या खाली लटकलं पाहिजे, बरीच मुलं ते वर धरतात आणि हँडल उलटं फिरवतात. दोरी तर्जनीवर अडकवायची. मग रीलवरची दोरी अडवणारी वाकडी तार उघडायची. मग मान वळवून मागे बघायचं, मागे कोणी नाही ना, आणि मोठ्यानं "टाकतोय" म्हणायचं. रॉड डोक्यावरून पुढे आणायचा, आडवा कधीच फिरवायचा नाही, आणि रॉड समोर आला की बोट सोडायचं. शिसं पडलं की तार हातानं बंद करायची आणि ढिली दोरी गुंडाळून घ्यायची. मागे बघणं आणि "टाकतोय" म्हणणं हे दोन अंगात मुरेपर्यंत मुलाच्या हाती गळ द्यायचा नाही, मग ते कितीही लांब फेकत असो.

मोठ्यांनी एक गाठ शिकून जा. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गळाच्या डोळ्यातून ओवायचा, वीतभर टोक मोकळं ठेवायचं, ते मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा पिळायचं, मग टोक गळाच्या डोळ्याजवळच्या बारीक फासातून आणायचं, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातून परत काढायचं. आता घट्ट ओढायच्या आधी गाठ ओली करा, थुंकी लावली तरी चालेल. कोरडा तंगूस ओढला की घासून तापतो, तिथेच कच्चा होतो आणि बरोब्बर मोठा मासा लागला की तुटतो. ओल्या गाठीचे वेढे एकावर एक नीट बसतात, हाताला कळतं. बारकं टोक नेलकटरनं कापा.

तपासून घ्या: मूल दहापैकी सहा वेळा घमेल्याच्या आसपास टाकतंय का? मागे न बघता एकदाही टाकत नाही ना?

टप्पा ५: पिशवी

प्रत्येकाला गॉगल. उन्हासाठी तर हवाच, पण त्याहून जास्त डोळ्याला गळ लागू नये म्हणून. पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, मागे पट्टा असलेल्या सँडल. स्लिपर नको, बोटीच्या ओल्या फळीवर त्या सटकतात. लांब तोंडाची पक्कड, कात्री, जुना जाड नॅपकिन, थर्मासमध्ये गरम पाणी (कशासाठी ते पुढे), प्रथमोपचाराची पेटी, माणशी एक लिटर पाणी, मोबाईलला पाण्यापासून वाचवणारी पिशवी. खायला ठेपले आणि आल्याच्या वड्या. तेलकट आणि गोड जास्त नको. सनस्क्रीन लॉजवरच लावून हात साबणानं धुवा, त्या वासाचं आमिष मासे धरत नाहीत असं देवबागची सगळीच माणसं सांगतात.

११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा.

टप्पा ६: बोटीत चढायच्या आधीचा एक तास

ज्याला बस लागते त्याला बोट लागणार असं धरून चाला. गोळी कुठली, मुलांना किती, हे बडोद्यातच डॉक्टरांना विचारून या, आणि ती बोट हलल्यावर घेऊन काही होत नाही, अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. रिकाम्या पोटीही जायचं नाही, घावणा आणि थोडा चहा बेस.

लाईफ जॅकेट काठावर घालायचं, बोटीत बसल्यावर नाही. मुलाला घातलं की दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो लोंबकळत ठेवतात आणि तोच सगळ्यात कामाचा असतो. फोटोसाठी जॅकेट काढायचं नाही. मोठ्यांनीही नाही.

जागा आधीच ठरवा: एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि ज्याच्याकडे मूल आहे त्यानं स्वतः रॉड धरायचा नाही. एका वेळी दोनच रॉड पाण्यात, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाकीच्यांनी दहा-दहा मिनिटांनी पाळी घ्यायची. चार मुलं, चार रॉड असा न्याय करायला गेलात तर सगळा वेळ गुंते सोडवण्यात जातो.

दादांना पहिल्यांदाच सांगा, गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून द्या. काही मासे सुटतील, सुटू देत. पण तो गळ पोराच्या बोटात गेला तर सहज निघतो.

टप्पा ७: गळ पाण्यात

खाडीत बहुतेक वेळा फेकायची गरजच नसते, बोटीच्या कडेनं सरळ खाली सोडायचा. आमिष म्हणून सोललेली कोळंबी किंवा माकुळाचा (स्क्विडचा) तुकडा, गळाच्या टोकापुरता. मोठा लटकता तुकडा लावला की बारके मासे कडेनं कुरतडून खातात आणि गळ कोरा वर येतो. शिसं तळाला टेकलं की दोरी ढिली पडते, तेव्हा दोन वेढे गुंडाळून दोरी ताठ करायची आणि बोट दोरीवर ठेवायचं.

आता सगळ्यात मोठी चूक. आधी टुक-टुक असे बारके धक्के येतात आणि सगळी मंडळी "लागला, लागला" करून रॉड झटकतात. तो मासा फक्त चाखत असतो. हलू नका. धक्के थांबून दोरी जड होते, टोक खाली वाकतं, तेव्हा रॉड शांतपणे वर उचलायचा. माझ्या भाचीला हे तोंडी सांगून कळेना, मग मी तिची तर्जनी दोरीवर ठेवून वर माझं बोट ठेवलं आणि दोघं मिळून थांबलो. टुक, टुक, मग काहीच नाही, आणि मग दोरी हळूच जड झाली. तिनं स्वतःच "आता" म्हटलं. हातभर नव्हता, वीतभर काळुंदर होता, पण तिनं तो बरोबर ओळखला होता.

मासा लागल्यावर नुसतं हँडल फिरवत सुटू नका. रॉड वर उचला, खाली आणताना गुंडाळा, परत उचला. मासा ओढायला लागला तर रीलनं करकर आवाज करत दोरी सोडली पाहिजे, सोडत नसेल तर दादांकडून ड्रॅग, म्हणजे दोरी किती घट्ट धरायची ते ठरवणारी रीलची चकती, ढिला करून घ्या. बोटीजवळ आला की दांड्याच्या जाळीनं उचलायचा, दोरीला धरून नाही.

सावधान: गळ तळाला अडकला तर तंगूस हाताला गुंडाळून ओढायचा नाही, चामडी कापते. दादांना द्या, नाहीतर तोडून टाका.

टप्पा ८: मासा बोटीत आला, मुलांचे हात मागे

मासा ओळखल्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांपाशी करवतीसारखे विषारी काटे असतात. पाखट म्हणजे चपटा, लांब शेपटीचा मासा, त्याच्या शेपटीला काटा असतो. दोन्हींपैकी काहीही टोचलं तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, दुखणं उतरतं, थर्मास त्यासाठी. पाणी आधी मोठ्यांनी हातावर घेऊन बघायचं, पोळायला नको. मग दवाखाना, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर परत सोडा. खायचा नाहीच, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

गळ माणसाच्या अंगात उलट्या काट्यापर्यंत रुतला तर ओढू नका, दोरी कापा, गळ तसाच ठेवून डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डोळ्याजवळ असेल तर स्पर्शही नको.

ठेवायचा नसलेला मासा ओल्या हातानं धरून लगेच सोडा, कोरड्या नॅपकिननं त्याचं बुळबुळीत आवरण निघतं आणि मग तो जगत नाही. बारके सगळे सोडा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायचा किमान आकारही ठरवून दिलाय, दादांना माहीत असतं. घरात कोणी शाकाहारी असेल आणि मुलांना नुसतं पकडून सोडायचं असेल तर तेही आधीच सांगा, बादलीत तडफडणारा मासा बघून रडणारी मुलं मी बघितली आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही.

ठेवायचे ते लगेच बर्फात, माशाच्या वजनाइतका बर्फ. बडोद्यापर्यंत न्यायचा मोह नको, तिथल्याच घरमालकीणबाईंना द्या, दुपारी तिरफळ घातलेलं सार पानात येतं.

टप्पा ९: परत आल्यावर

रॉड-रील तुमचं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, पुसा, सावलीत वाळवा. खाऱ्या पाण्यातलं रील तसंच बॅगेत टाकून बडोद्याला आणलं की आठवड्यात हँडल जाम होतं. वापरलेले गळ मोजून डबीत भरा, तंगूसाचे तुकडे खाडीत किंवा वाळूत टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतात. मुलांच्या कपड्यांचे खिसे आणि टोपीच्या कडा चाचपून बघा, आमच्याकडे एकदा एक गळ टोपीतून थेट बडोद्याच्या वॉशिंग मशीनमध्ये पोचला होता.